तिथी बघून तुंबणारी मोरी

दाभोळात सपाट जागा फारशी नाहीच. डोंगर उतरत येतो तो थेट खाडीत पाय सोडतो. मधल्या चिंचोळ्या पट्टीत रस्ता, बाजार, विजापूरकरांच्या काळातली मशीद, फेरीबोटीची जेटी आणि घरं दाटीवाटीनं मावलेली. त्यामुळं रस्ता आणि खाडी यांच्यामधली घरं रस्त्याकडून बघावीत तर बैठी आणि खाडीकडून बघावीत तर दुमजली दिसतात. खालचा तो लपलेला मजला म्हणजे तळघर. एरवी दाभोळकर जमिनीखाली उतरतो तो चंडिकेच्या भुयारात, वाकून, समईच्या उजेडात, दर्शनापुरता. घरातल्या तळघरात उतरायचं कारण बहुधा चार नारळ काढून आणणं एवढंच.

माझ्या मामाच्या घरचं तळघर असंच आहे. जांभ्याच्या चिऱ्यांचं, एका अंगानं रस्त्याच्या भरावाला पाठ लावलेलं, दुसऱ्या अंगानं वाडीत उघडणारं. आत नारळांची रास, भाताची कणगी, चुलीचं जळण, आमसुलांच्या बरण्या आणि कुणाला लागत नाहीत पण टाकवतही नाहीत अशी पितळी भांडी. कोपऱ्यात मोरी. घर माणसांनी भरलं की कपडे तिथंच धुतले जातात, कारण वरच्या न्हाणीघरात नंबर लागत नाही.

ही मोरी तुंबायला लागली. म्हणजे वापरलेलं पाणी जाईना असं नव्हे. कुणी तांब्याभर पाणी ओतलेलं नसतानाही जाळीतून काळपट पाणी वर यायचं, घोट्याएवढं साचायचं, कणगीच्या बुडाला लागायचं. दोन-तीन तासांनी खळखळ आवाज करत आल्या वाटेनं परत जायचं आणि मागं बोटभर मऊ, राखाडी गाळ ठेवायचं. मामी तो फावड्यानं ओढायची. पाणी आपण होऊन उतरतं, याचं सगळ्यांना हायसं वाटायचं. खरं तर सगळी गोम तिथंच होती. केसांनी, चिंध्यांनी, शेवाळानं अडलेलं गटार आपण होऊन मोकळं होत नाही.

गटार तुंबलं की घरातला प्रत्येक माणूस आपल्या आवडत्या शत्रूचं नाव घेतो. मामीचा संशय वरच्या न्हाणीघरातल्या शॅम्पूच्या पुड्यांवर, म्हणजे पर्यायानं मुंबईहून येणाऱ्या आम्हा सगळ्यांवर. मामाचा संशय माडांच्या मुळांवर. दापोलीहून बोलावलेल्या प्लंबरचा संशय उतारावर. चार इंची पाइपाला चाळीस फुटांमागं एक फूट उतार हवा, तुमच्याकडं तेवढा नाही, असं त्यानं लेव्हलची नळी न लावताच सांगून टाकलं. यातलं काहीच खोटं नव्हतं. वाडीतून जाणारी नळवाट जुनी होती, भाजक्या मातीच्या नळांची. त्यांच्या सांध्यांत माडाची पेन्सिलीएवढी मुळं शिरतात आणि ओल मिळाली की आत केसाळ झुपके करून बसतात. प्लंबरनं बांबूच्या कामट्या घातल्या, एकीला दुसरी बांधत. मुळांचा झुपका निघाला, काथ्या निघाला, पुड्या निघाल्या (मामीनं त्या मुद्दाम कठड्यावर वाळत ठेवल्या) आणि सोलाणंही निघालं, जे हरवल्याबद्दल एका गड्याला पूर्वी बोलणी खावी लागली होती. पाण्याची बादली ओतली, सर्रकन गेली. पैसे दिले, चहा झाला. पंधरवडा उलटतो न उलटतो तो मोरी पुन्हा भरली.

गटाराच्या कामात एक साधी तपासणी असते. तुंबल्या वेळी मधल्या चेंबरचं झाकण उचलायचं. चेंबर कोरडं असेल तर अडथळा घर आणि चेंबर यांच्यामध्ये, चेंबर भरलेलं असेल तर त्याच्या पुढं. आणि घरातली सगळ्यात खालची मोरी आधी भरते, मग दोष कुठंही असो. म्हणून बिचाऱ्या तळघराच्या मोरीवर नेहमीच आळ येतो. वरच्यांचे सांडणे, बाहेरच्यांचे अडणे, सगळं तिच्या तोंडून बाहेर पडतं.

मी झाकण उचललं तेव्हा दुपारचे बारा वाजत आले होते. चेंबर काठोकाठ भरलेलं. पाण्यावर नारळाच्या फुलोऱ्यातलं एक बारकं बोंडलं तरंगत होतं आणि ते घराच्या दिशेनं सरकत होतं. सावकाश, पण ठाम. एक-दोन बुडबुडे आले. मग कडेच्या गिलाव्यावर काहीतरी उडालं. बोटाएवढं, मातकट, डोक्यावर बसवल्यासारखे डोळे. निवटा. खाडीच्या चिखलात उड्या मारत फिरणारा, पाण्यात आणि पाण्याबाहेर दोन्हीकडं संसार करणारा तो मासा आमच्या गटाराच्या भिंतीला पर टेकून माझ्याकडं बघत होता. शॅम्पूच्या पुड्या निवटे आणत नाहीत.

पलीकडच्या वाडीतले चाचा जाळं सांधत बसले होते. उमर गेली खाडीत. ते म्हणाले, "मोरीत काय बघतोस? तिथी बघ की."

कोकणात भरतीची वेळ काढायला छापील तक्ता लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पुरी. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन, पुनवेला सव्वाअकरा-बारा. पुढं सहा तासांनी सुकती. मिनिटांचा हिशेब यात नाही, पण होडी काढायला पुरतो. दुसरी गोष्ट, पुनव-अवसेच्या आसपास उधाण, पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात खाली जातं. अष्टमीच्या सुमाराला भांग, चढणंही थोडं, उतरणंही थोडं. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की एक गंमत निघते. आपल्या या किनाऱ्यावर मोठी भरती नेहमी दुपारी बाराच्या आणि रात्री बाराच्या आगेमागेच पुरी होते. संध्याकाळी सहाची भरती ही नेहमी भांगाची, लेचीपेची. आणि दुपारी बारा ही तर कपडे धुण्याची वेळ. मोरी भरली, त्या वेळी बहुधा कुणी ना कुणी धुणं घेऊन बसलेलं असायचं. रात्री बारालाही ती भरत असणार, पण तेव्हा बघायला कोण जातंय? सकाळी ओला गाळ दिसायचा, त्याचं खापर भिंतीच्या ओलीवर फुटायचं. मामीनं भिंतीवरच्या कॅलेंडरावर मोरी भरल्याच्या दिवशी पेन्सिलीनं फुल्या मारायला सुरुवात केली, तेव्हा फुल्या पुनवेच्या आणि अवसेच्या भोवती गोळा झाल्या. मधले आठवडे कोरे.

म्हणजे मोरीला काही झालेलं नव्हतं. नळ मोकळा होता, आणि तोच घात. आमच्या घरचा नळ पायऱ्यांच्या पाखाडीतल्या गटाराला मिळतो, ते गटार पाखाडी उतरून खाडीकाठच्या बांधात उघडतं. त्याचं तोंड आणि आमच्या मोरीची जाळी यांच्यातला उंचीचा फरक उधाणाच्या भरतीपुढं काहीच नाही. पाणी सगळीकडं एका पातळीला येतं हे शाळेत काचेच्या नळ्यांत बघितलेलं असतं. त्या नळीचं एक टोक आपलं तळघर आणि दुसरं अरबी समुद्र असू शकतं, हे मात्र कुणी सांगितलेलं नसतं. कामट्या घालून आम्ही समुद्राची वाट साफ करून दिली होती.

हे दुखणं दाभोळचं एकट्याचं नाही. लंडनची जुनी गटारं थेम्समध्ये सुटायची ती ओहोटीलाच. भरती चढली की त्यांची तोंडं बंद पडायची आणि सखल वस्त्यांतल्या तळघरांत मैला वर यायचा. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीची दुर्गंधी पार्लमेंटच्या खिडक्यांशी पोचली तेव्हा कुठं बॅझलजेट या इंजिनिअरच्या योजनेला पैसे मिळाले. नदीला समांतर मोठी गटारं बांधून त्यानं मैला शहराच्या पूर्वेला नेला आणि क्रॉसनेस, ॲबी मिल्स इथं वाफेच्या पंपांनी तो वर उचलला. थोडक्यात, नुसत्या उतारावर भिस्त ठेवण्याचं त्यानं सोडून दिलं. मुंबईनंही पुढं तेच केलं. तिथल्या पर्जन्यवाहिन्यांची कित्येक तोंडं भरतीच्या पातळीखाली आहेत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी समुद्राला भरतीही होती. त्यानंतर हाजी अली, इर्ला वगैरे ठिकाणी पंप बसले. मुंबईकर पावसाळ्यात भरतीचे मीटर तोंडपाठ सांगतो ते काही समुद्रप्रेमापोटी नव्हे. मिलन सबवे भरणार की नाही, हा त्याचा सवाल असतो.

दाभोळचं मोठेपण याच भरतीवर उभं होतं, ही त्यातली कोपरखळी. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी हिंदुस्थान फिरून परत निघाला तो इथून जहाजात बसून. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज अल्मेदानं हे बंदर जाळलं, तेव्हा ते जाळण्याइतकं श्रीमंत होतं. शिडाची गलबतं भरतीबरोबर आत यायची आणि सुकतीबरोबर बाहेर पडायची. आत येणाऱ्या पाण्याचं तेव्हा कौतुक होतं. आता पलीकडं वेलदूर-अंजनवेलला वीजप्रकल्प आहे, गॅसची जेटी आहे, आणि तिला नाव मात्र अलीकडच्या दाभोळचं. त्या जेटीला लाटा अडवणारा पुरा बांध नव्हता म्हणून वर्षानुवर्षं पावसाळ्यात गॅसची जहाजं लागत नसत. हजारो कोटींच्या प्रकल्पाची जेटी आणि मामाची मोरी, दोघींचा घरमालक एकच आहे आणि तो भाडेकरूंत भेदभाव करत नाही, हे वाचून मला जरा बरं वाटलं होतं.

गाळाचं काय, हा प्रश्न मात्र मामाचा. मोरीत राहणारी ती राखाडी, लोण्यासारखी मऊ माती येते कुठून? ती वाशिष्ठीची. सह्याद्रीच्या कड्यांवरून निघालेली ही नदी चिपळूणवरून येते आणि दाभोळला समुद्राला मिळते. कोयनेची वीज काढून झाल्यावर घाटापलीकडचं पाणीसुद्धा हिच्याच पदरात पडतं. उतारांवरची झाडी गेली, रस्त्यांसाठी डोंगर कापले, ती माती पावसाळ्यात खाली येते. समुद्राकडून भरती वर चढते ती चाळीसेक किलोमीटर आत, चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत. उतरणारं पाणी आणि चढणारं पाणी एकमेकांसमोर थबकतं आणि थबकलेलं पाणी हातातलं ओझं खाली ठेवतं. नदीचं पात्र त्यानं उथळ होत जातं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा वरून आलेला पाऊस, पात्रातला गाळ आणि खाडीची भरती या तिन्हींची नावं घेतली गेली. पुढं तिथल्या लोकांनी उपोषण केलं, मग वाशिष्ठीतला गाळ काढायचं काम सुरू झालं. त्या अख्ख्या शहराचं जे झालं तेच मापानं लहान होऊन मामाच्या तळघरात दर पंधरवड्याला होत होतं. अर्थात आमची कणगी भिजली, त्यांचे संसार गेले. दोन्ही एका पंगतीत बसवण्यात अर्थ नाही. पाण्याची रीत तेवढी एक.

रोग कळला म्हटल्यावर उपाय सोपा वाटला. प्लंबर पुन्हा आला, डोकं खाजवून म्हणाला, "बुजवून टाका ना मोरी. सिमेंट मारतो, कटकट मिटली." मामा कबूल व्हायच्या बेतात होता. मामी म्हणाली, "आणि आषाढात ह्या मागच्या भिंतीतनं पाणी येतं, ते काय मी वाटीनं उपसू?"

तळघराचा खरा पेच तो. डोंगरमाथ्यावर जांभ्याचा सडा आहे. दापोलीच्या बाजूला वर्षाला तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तो हा सच्छिद्र दगड पीत राहतो आणि आषाढ-श्रावणात पायथ्याशी जागोजाग उपळ फुटतात. मामाच्या तळघराच्या मागच्या भिंतीत चिऱ्यांच्या सांध्यांतून असं पाणी पाझरतं. गोडं, थंडगार, काचेसारखं स्वच्छ. भिंतीच्या कडेनं चर आहे, चरातून ते मोरीत जातं. मोरी बुजवली तर डोंगराचं पाणी आत कोंडणार, उघडी ठेवली तर खाडीचं आत येणार. दार बंद ठेवावं की उघडं, याचं उत्तर दर सहा तासांनी बदलतं.

हा पेच खाडीकाठच्या शेतकऱ्यानं फार पूर्वी ओळखलेला. खाजणात बांध घालून भात पिकवायचं तर खारं पाणी बाहेर ठेवायला हवं आणि पावसाचं पाणी बाहेर काढायला हवं, दोन्ही एकाच बांधातून. म्हणून बांधात उघाडी ठेवतात. बाहेरच्या अंगाला वरून टांगलेली लाकडी झडप. सुकतीला आतलं पाणी तिला ढकलून निघून जातं, भरतीला बाहेरचं पाणी तिला दाबून मिटवतं. गोव्याच्या खाजनांत यालाच मानस म्हणतात आणि तिथं मासळी धरण्याचा हक्क लिलावात जातो. राखणीचा खर्च पाण्यातूनच निघावा, अशी ती हुशारी. सरकारी खारभूमीच्या बंधाऱ्यांतही उघाड्याच असतात, फक्त काँक्रीटच्या.

घरातही अशी काही सोय होती. तळघरात खुंटीला चिंध्या गुंडाळलेला एक लाकडी दट्ट्या लटकलेला असायचा. आम्ही लहानपणी त्यानं विटी-दांडू खेळलेलो. तो मोरीच्या भोकात बरोबर बसतो. मामाला मग आठवलं, की आजी उधाणाच्या रात्री कंदील घेऊन खाली जायची, दट्ट्या ठोकायची आणि पहाटे काढायची. जुन्यांच्या शहाणपणाबद्दल लिहायचा मोह अशा वेळी होतो, मी तो आवरतो. त्या शहाणपणात एका बाईची महिन्यातल्या कितीतरी रात्रींची झोप गेलेली आहे आणि तिनं ते कुणाला सांगितल्याचं कुणाला आठवत नाही. आजी गेल्यावर मोरी काही वर्षं एवढी तुंबत कशी नव्हती, याचाही उलगडा झाला. तेव्हा पाखाडीतलं गटार उघडं होतं. खाडी वर आली तर ती बरीचशी तिथंच, लोकांच्या डोळ्यांदेखत पसरायची आणि वाडीत जिरायची. पुढं गटार बंद नळाचं झालं, वर लाद्या आल्या. वास गेला, डास कमी झाले, ते चांगलंच झालं. पण बंद नळातलं पाणी जाणार कुठं? त्याला पहिलं मोकळं तोंड मिळालं ते मामाच्या तळघरात.

शेवटी चेंबरमध्ये प्लास्टिकची नॉन-रिटर्न झडप बसवली. तत्त्व उघाडीचंच. पहिल्या उधाणाला आम्ही सगळे चेंबरभोवती उकिडवे बसून होतो. बाहेरच्या बाजूला पाणी चढलं, झडप टक् करून मिटली, मोरी कोरडी. मामानं प्लंबरच्या पाठीवर थाप मारली. पुढच्या खेपेला काथ्याचा एक धागा कडेला अडकला, झडप सुईच्या नेढ्याएवढी उघडी राहिली आणि तेवढ्या वाटेनं खाडी निवांत आत आली. आता उधाणाच्या आधी झाकण काढून, हात घालून, कड पुसावी लागते. बाहेरच्या अंगाला कालवं धरू पाहतात, ती खरवडावी लागतात. हे काम कुणाचं, यावर घरात बोलाचाली झाल्या. ते आता मामाकडं आहे आणि तो ते कुरकुरत का होईना, करतो.

झडपेनं एक प्रश्न मात्र सुटत नाही, आणि तो सुटण्यासारखाही नाही. धो धो पाऊस आणि उधाण एकाच वेळी आलं की झडप मिटलेली आणि भिंत पाझरती. तेवढे दोन-तीन तास आपलंच गोडं पाणी आपल्याच तळघरात वाट बघत थांबतं. त्यासाठी मोरीशेजारी खड्डा खणून बुडीचा पंप सोडला आहे. पण असा पाऊस येतो तेव्हा वारा येतो आणि वारा येतो तेव्हा वीज जाते. म्हणून कणगी आता चिऱ्यांच्या चौथऱ्यावर आहे. जळण फळीवर गेलं, आमसुलांच्या बरण्या वर स्वयंपाकघरात आल्या. पितळी भांडी तेवढी खाली आहेत, ती भिजून काय बिघडणार.

गणपतीत घर माणसांनी भरतं, तेव्हा खरी परीक्षा. भाद्रपदातली चतुर्थी अवसेच्या मागोमाग येते, उधाण अजून पुरतं ओसरलेलं नसतं, पाऊसही गेलेला नसतो. यंदा मामीनं तळघराच्या दारावर खडूनं लिहून ठेवलं आहे. हरतालिका, भरती सव्वादोन. चतुर्थी, तीन. पंचमी, पावणेचार. त्याच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास खाली धुणं नाही, भांडी नाही. आंघोळी सकाळी उरका. आरतीची पितळी भांडी घासायची तर संध्याकाळी सहानंतर. मुंबईहून आलेल्या एका सुनेनं ते वाचून विचारलं, "हा काय मुहूर्त आहे का मामी?" मामी म्हणाली, "मुहूर्त चुकला तर भटजी चालवून घेतात गो. ही नाही घेत. आणि शॅम्पूच्या पुड्या डब्यात टाक."